एक्स-रेमधील निरोगी कणा

पेढीवर तक्क्याला टेकून तीस-चाळीस वर्षे हिशेब पाहिलेल्या गृहस्थाची कंबर धरली, की पहिली तपासणी होते ती एक्स-रेची. अहवालातील ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ हे दोन शब्द वाचले, की घरात चिंता पसरते. कोणी शस्त्रक्रियेच्या खर्चाची चौकशी करतो, कोणी दुकानात बसणेच सोडतो. निरोगी कणा चित्रात कसा दिसतो याची जाण असती, तर ही भीती बरीचशी टळली असती.

कण्यात साधारणतः 33 मणके असतात : मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5; त्याखालचे 5 जुळून त्रिकास्थी होते आणि शेवटचे 4 जुळून माकडहाड. काहींच्या कमरेत चार किंवा सहा मणके मोजले जातात. हा जन्मजात भेद असतो आणि बहुधा त्रासाचा नसतो. मात्र पुढे शस्त्रक्रिया ठरलीच, तर मणका मोजण्यात गफलत होऊ नये म्हणून त्याची नोंद हवी.

समोरून काढलेल्या चित्रात प्रत्येक मणका चौकोनी दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लंबगोल वलये आणि मध्ये खाली थेंबासारखा ठिपका असतो. वैद्यकाचे विद्यार्थी याला घुबडाचा चेहरा म्हणतात : दोन डोळे आणि चोच. एखादा डोळा नाहीसा झालेला दिसला, तर डॉक्टर सावध होतात. कर्करोग हाडात पसरल्याची ती खूण असू शकते.

बाजूच्या चित्रात कणा सरळ काठीसारखा नसतो, नसावाही. मान आणि कंबर पुढे झुकलेली, पाठ मागे वळलेली, असा त्याचा घाट. मणक्यांच्या पुढच्या कडांवरून आणि मागच्या कडांवरून मनाने एकेक रेषा ओढावी. ती पायरी न पडता वळत गेली पाहिजे. ‘कमरेचा बाक कमी झाला’ असे अहवालात येते, तेव्हा कारण पुष्कळदा स्नायूंचा ताठरपणा किंवा चित्र काढतानाची स्थिती एवढेच असते.

मणक्यांमधील काळसर फट ही गादीची, म्हणजे डिस्कची जागा. गादी स्वतः एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे सरकलेल्या गादीने नस दाबली आहे की नाही, हे या चित्रावरून सांगता येत नाही. कमरेत ही फट खाली जाताना रुंदावते; परंतु सर्वांत खालची, त्रिकास्थीवरची फट निरोगी माणसातही अनेकदा अरुंद असते. तिच्यावरून धास्ती घेणारे थोडे नाहीत.

वयाचा प्रश्न निराळा. पाठदुखी नसलेल्या लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार गादीची झीज विशीतल्या 37 टक्के लोकांत, तर ऐंशीच्या वयात 96 टक्के लोकांत आढळते. ताळेबंदात यंत्रावर दरवर्षी घसारा लिहिला जातो. यंत्र बंद पडले, असा अर्थ त्यातून कोणी काढत नाही.

कमरेच्या एक्स-रेचा किरणोत्सर्ग छातीच्या एक्स-रेपेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणून साध्या कंबरदुखीत पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर तो टाळतात, यात हयगय नसते. ताप, अकारण घटलेले वजन, पूर्वीचा कर्करोग, पडण्याचा इतिहास किंवा वृद्ध स्त्रीला किरकोळ धक्क्याने उठलेली कळ असेल, तर तपासणी लांबवू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता, पायातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर एक्स-रे निर्दोष असला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे एमआरआयचीच गरज असते.