मोजणे आणि विचारणे

सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते. नोंदवहीत ‘दिली’ असे लिहिले जाते. पण ती गिळली किती जणांनी? आणि ज्यांनी गिळली नाही, त्यांनी का नाही? पहिला प्रश्न मोजण्याचा, दुसरा विचारण्याचा. दोन्ही एकाच अभ्यासात गुंफले की ती झाली मिश्र संशोधनपद्धती.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. प्रश्न केवढा मोठा आहे, हे या आकड्यावरून कळते. गोळ्यांची पाकिटे फडताळात का पडून राहतात, ते मात्र कळत नाही.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवावा लागतो. नांदेड-लातूरकडचे विद्यार्थीही त्यासाठी खेड्यात जातात. त्यांतले बरेचजण ‘लातूर पॅटर्न’मध्ये तयार झालेले, चारांपैकी एक पर्याय बरोबर, ही सवय अंगात मुरलेली. ‘गोळ्या घेता का?’ असे विचारले की गरोदर बाई ‘हो’ म्हणते आणि रकान्यात खूण होते. शिकवायचे ते इथेच. ओसरीवर बसून ‘गोळी घेतल्यावर कसं वाटतं?’ असे विचारले तर मळमळते, शौचाला काळी होते, बाळ फार मोठे होईल अशी भीती वाटते, अशी कारणे पुढे येऊ शकतात. मग तीच कारणे प्रश्नावलीत घालून घरोघर विचारावीत. कोणते कारण किती घरांत आहे हे समजले, की उपाय ठरवता येतो. चार बायकांच्या बोलण्यावरून साऱ्या गावाबद्दल निष्कर्ष काढणे हीसुद्धा चूकच.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे असाच पेच होता. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असेल, तर न्यूमोनियाची शंका घेतात. पण कित्येक सुईणींना बारापुढे मोजता येत नव्हते. म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर उपचार सुरू करायचे. सुईणींची अडचण समजून घेतली, म्हणून मोजणे शक्य झाले.

पुढच्या गोळीच्या दिवशी आपल्या वर्गात हे करून पाहा. नाव न घालता ‘गिळली’ किंवा ‘नाही’ एवढेच चिठ्ठीवर लिहून घ्या, मग न रागावता मुलांशी बोला. नोंदवही आणि चिठ्ठ्या जुळल्या नाहीत, तर निराश होऊ नका. अभ्यासाचा विषय तुम्हाला सापडला आहे.