कृत्रिम बी : स्वरूप, कृती व मर्यादा

जळकोटच्या माळावर पेरल्या जाणाऱ्या तुरीच्या एका दाण्यात तीन गोष्टी असतात : रोपाचा गर्भ, त्याला उगवेपर्यंत पुरणारी शिदोरी आणि वरचे कवच. मात्र लागवडीच्या केळीला बी येत नाही. तिची लागण मुनव्यांनी करावी लागते, आणि रोगट झाडाच्या मुनव्याबरोबर पर्णगुच्छासारखा विषाणुरोगही नव्या बागेत शिरतो. चंदनाला बी येते. परंतु त्यापासून होणारे झाड मूळ झाडाच्याच गुणाचे निघेल, याची खात्री नसते. अशा पिकांसाठी कृत्रिम बियांचा विचार पुढे आला. अमेरिकेतील शास्त्रज्ञ तोशिओ मुराशिगे यांनी १९७७ साली ही कल्पना मांडली.

याची कृती अशी : निवडक झाडाचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून पोषक माध्यमावर वाढवितात. योग्य संप्रेरके मिळाली म्हणजे त्यातील काही पेशींपासून, परागीकरणावाचूनच, गर्भ तयार होतात. समुद्रशैवालापासून काढलेल्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात पोषक द्रव्ये घालून त्यात हे गर्भ मिसळतात आणि एकेक गर्भ असलेले थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडतात. थेंब घट्ट होऊन भिजलेल्या साबुदाण्यासारखा मऊ मणी बनतो. हेच कृत्रिम बी होय.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील बापट, राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तुतीच्या डोळ्यांपासून, १९८८ मध्ये चंदनाच्या गर्भांपासून व १९९२ मध्ये केळीच्या कोंबाच्या टोकांपासून असे मणी व त्यांतून रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. गर्भात मूळ व कोंब दोन्ही असतात. डोळ्याला वा कोंबाच्या टोकाला मुळे नव्याने फुटावी लागतात, हा भेद ध्यानात ठेवावा.

हा मणी लवकर सुकतो. त्यातील अन्नावर बुरशी व जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून तो धान्यासारखा पोत्यात साठविता येत नाही किंवा तिफणीने पेरता येत नाही. शेतातील नित्याच्या लागवडीत हे बी अद्याप रूढ झालेले नाही. कोणी या नावाने कोरडे बियाणे विकू लागल्यास ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांना वेळीच सावध करावे.

तूर, सोयाबीन यांचे नैसर्गिक बी स्वस्त व टिकाऊ आहे. तेथे कृत्रिम बियांची गरज नाही. अर्धापूरसारख्या केळीच्या भागात मात्र ऊतिसंवर्धित रोपे आजच उपलब्ध आहेत. ती विषाणू-तपासणी झालेल्या, प्रमाणित प्रयोगशाळेचीच घ्यावीत व पावती जपून ठेवावी.