जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनाची ओळख व मूल्यनिश्चिती

जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनाची ओळख व मूल्यनिश्चिती म्हणजे गाडीत बसवलेले किंवा गाडीपासून सुटे झालेले जुने इंजिन कोणत्या बनावटीचे, कोणत्या मॉडेलचे व कोणत्या काळातील आहे हे ठरवून विक्रीपूर्वी त्याची रास्त किंमत काढण्याची पद्धत होय. भारतात या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. हिंदुस्तान ॲम्बॅसॅडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि प्रीमियर पद्मिनी या देशात दीर्घकाळ तयार झालेल्या कौटुंबिक गाड्यांची इंजिने काही युरोपीय स्पोर्ट्स मोटारींच्या इंजिनांच्याच कुळातील आहेत. त्यामुळे केवळ बाह्य रूपावरून गल्लत होते. कधी मौल्यवान इंजिन भंगाराच्या भावाने विकले जाते, तर कधी टॅक्सीच्या इंजिनाला स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनाची किंमत मागितली जाते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार इत्यादी ब्रिटिश बनावटीच्या स्पोर्ट्स मोटारी अल्प संख्येने भारतात आल्या. १९५०च्या दशकात केंद्र सरकारने देशी मोटारउद्योगाला संरक्षण दिले आणि तयार गाड्यांच्या व सुट्या भागांच्या आयातीवर कडक बंधने आली. परदेशी गाडीचे इंजिन निकामी झाल्यावर मूळ भाग मिळणे दुरापास्त झाले. अशा वेळी मिस्त्री जवळपास उपलब्ध असलेले देशी इंजिन त्या गाडीत बसवत आणि मूळ इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा मालकाच्या घरी पडून राही. पुण्यासारख्या शहरात जुने वाडे व बंगले पुनर्बांधणीसाठी रिकामे केले जातात, तेव्हा अशी इंजिने अधूनमधून बाहेर येतात. त्यांच्याविषयी माहिती असणारी पिढी बहुधा हयात नसते आणि जागा रिकामी करण्याची घाई असते. त्यामुळे ओळख न पटवताच विक्री होण्याचा संभव अधिक असतो.

इंजिनांची कुळे

एकाच मूळ रचनेवरून निरनिराळ्या क्षमतेची व निरनिराळ्या गाड्यांसाठी केलेली इंजिने एका कुळातील मानली जातात. भारतीय बाजाराच्या दृष्टीने पुढील कुळे महत्त्वाची आहेत.

बीएमसी बी-मालिका : हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाडा येथे ॲम्बॅसॅडरसाठी १९५९पासून वापरलेले १,४८९ घन सेंटिमीटरचे (घ. सेंमी.) पेट्रोल इंजिन आणि १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स मोटारीचे पहिले इंजिन एकाच कुळातील व एकाच क्षमतेचे आहे. दोहोंत सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर (मिमी.) व स्ट्रोक ८८.९ मिमी. आहे. एमजीएचे इंजिन पुढे १,५८८ व १,६२२ घ. सेंमी.चे झाले. १९६२च्या एमजीबीमध्ये ते १,७९८ घ. सेंमी.पर्यंत वाढवण्यात आले.

ट्रायम्फची लहान इंजिने : मद्रास (चेन्नई) येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीच्या हेराल्ड गाडीत प्रथम ९४८ व नंतर १,१४७ घ. सेंमी.चे इंजिन होते. १९६२ साली आलेल्या ट्रायम्फ स्पिटफायरचे इंजिनही १,१४७ घ. सेंमी.चेच होते, मात्र त्याला दोन कार्बोरेटर होते व त्याची शक्ती अधिक होती.

स्टँडर्ड व्हॅनगार्ड : ट्रायम्फ टीआर२ (१९५३–५५) या मोटारीचे १,९९१ घ. सेंमी.चे इंजिन व्हॅनगार्ड या कौटुंबिक गाडीच्या २,०८८ घ. सेंमी.च्या इंजिनावरून घडवलेले होते. याच कुळातील इंजिने फर्ग्युसन टीई२० या ट्रॅक्टरमध्येही होती. स्ट्रोक सर्वांचा ९२ मिमी.च आहे, व्यास मात्र टीआर२मध्ये ८३ मिमी., तर व्हॅनगार्डमध्ये ८५ मिमी. आहे.

फियाट ११०० : मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (स्थापना १९४४) बनवलेल्या फियाट ११०० व पुढे पद्मिनी या गाड्यांचे इंजिन १,०८९ घ. सेंमी.चे होते. इटलीतील फियाट ११०० टीव्ही या वेगवान आवृत्तीची क्षमताही तीच होती. तिचा कार्बोरेटर मात्र वेगळा व शक्ती अधिक होती.

याउलट एमजी टीसी व टीडी या गाड्यांचे एक्सपीएजी नावाचे १,२५० घ. सेंमी.चे इंजिन आणि जॅग्वार एक्सके१२० या गाडीचे ३,४४२ घ. सेंमी.चे सहा सिलिंडरांचे, दोन कॅमशाफ्ट माथ्यावर असलेले इंजिन यांना भारतात बनलेले जुळे भावंड नाही. मात्र परदेशात ही कुळे कौटुंबिक गाड्यांतही वापरली गेली. उदाहरणार्थ, जॅग्वारचे हेच इंजिन मार्क सेव्हन या प्रशस्त गाडीतही होते.

ओळख पटवण्याची साधने

इंजिन क्रमांक : ओळखीचा आरंभ इंजिन क्रमांकापासून होतो. क्रमांकाच्या आरंभीची अक्षरे व अंक मॉडेल दर्शवतात. एमजीएच्या १,४८९ घ. सेंमी.च्या इंजिनांवर ‘१५जीबी’ किंवा ‘१५जीडी’, तर १,५८८ घ. सेंमी.च्या इंजिनांवर ‘१६जीए’ अशी खूण असते. यातील अंक क्षमता व ‘जी’ हे अक्षर एमजी सुचवते. टीआर२च्या क्रमांकाआधी ‘टीएस’, आरंभीच्या स्पिटफायरच्या क्रमांकाआधी ‘एफसी’ आणि ब्रिटनमधील हेराल्ड १२०० च्या क्रमांकाआधी ‘जीए’ ही अक्षरे आढळतात. जॅग्वारमध्ये क्रमांक ब्लॉकवर व हेडवर अशा दोन्ही ठिकाणी ठोकलेला असतो. हे दोन क्रमांक जुळल्यास हेड त्याच इंजिनाचे असल्याची खात्री होते.

क्रमांक ठोकलेला आहे की पट्टीवर आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. एमजीएचा क्रमांक ब्लॉकवर रिव्हेटने बसवलेल्या लहान धातुपट्टीवर असतो. अशी पट्टी एका ब्लॉकवरून काढून दुसऱ्यावर लावता येते. म्हणून पट्टी हा एकमेव पुरावा मानला जात नाही. तसेच पट्टी गहाळ असली म्हणून इंजिन सामान्य ठरत नाही.

ओतीव खुणा : ब्लॉक व हेड ओततानाच बिडात उठलेले अंक व अक्षरे ही दुसरी साक्ष होय. ती मागाहून बदलणे कठीण असते. काजळी व तेलकट थर रॉकेल आणि मऊ पितळी ब्रशने काढल्यास या खुणा वाचता येतात. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर वापरल्यास क्रमांक खरवडले जातात आणि खरवडलेला क्रमांक चोरीच्या मालाचा संशय निर्माण करतो.

मापन : हेड उतरवून सिलिंडरचा व्यास व स्ट्रोक मोजणे ही सर्वांत विश्वसनीय कसोटी आहे. व्यासाचा वर्ग, ०.७८५४, स्ट्रोक आणि सिलिंडरांची संख्या यांचा गुणाकार केल्यास क्षमता मिळते. मापे सेंटिमीटरमध्ये घेतल्यास उत्तर घन सेंटिमीटरमध्ये येते. झिजलेले सिलिंडर पुन्हा बोअर केल्याने व्यास वाढतो, स्ट्रोक मात्र बदलत नाही. म्हणून स्ट्रोकवरून कूळ आणि व्यासावरून त्या कुळातील मॉडेल ठरवले जाते. उदाहरणार्थ, १,४८९ घ. सेंमी.चे इंजिन ०.०४० इंचाने बोअर केल्यास त्याची क्षमता सुमारे १,५३१ घ. सेंमी. भरते. हे वेगळे मॉडेल नसून तेच इंजिन होय. १,५८८ घ. सेंमी.च्या इंजिनाचा मूळ व्यास १,४८९ घ. सेंमी.च्या इंजिनाच्या मूळ व्यासाहून सुमारे २.४ मिमी.ने मोठा असल्याने त्याच्याशी गल्लत होण्याचे कारण नाही.

जोडभाग : दोन एसयू कार्बोरेटर, त्यांचे मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्यूटर व हवा गाळणी यांवरून इंजिनाचा उपयोग सूचित होतो. तथापि हे भाग बोल्टने जोडलेले असल्याने सहज अदलाबदल होतात. ॲम्बॅसॅडरच्या ब्लॉकवर दोन कार्बोरेटर चढवल्याने तो एमजीएचा होत नाही. त्याचप्रमाणे कार्बोरेटर काढून घेतलेला एमजीएचा ब्लॉक ॲम्बॅसॅडरचा ठरत नाही.

क्रमांक, ओतीव खुणा व मापे ही तिन्ही एकाच निष्कर्षाकडे नेत असतील तर ओळख पक्की मानली जाते. ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत पुढील पडताळणीही शक्य असते. वॉरविकशायरमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम अनेक बनावटींच्या कारखान्यातील मूळ नोंदींवरून शुल्क घेऊन प्रमाणपत्र देते. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट अशी सेवा पुरवतो. इंजिन कोणत्या चासीबरोबर कारखान्यातून बाहेर पडले, हे त्यावरून कळू शकते.

अवस्थेची तपासणी

ओळखीनंतर इंजिनाची अवस्था पाहिली जाते. दीर्घकाळ पडून असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवल्यास पिस्टनच्या रिंगा तुटण्याचा धोका असतो. म्हणून प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडले जाते व काही काळाने इंजिन हाताने फिरवून पाहिले जाते. जाम झालेले इंजिन निरुपयोगी नसते. परंतु त्याच्या किमतीतून दुरुस्तीचा खर्च वजा होतो.

फिरणाऱ्या इंजिनाची कॉम्प्रेशन चाचणी घेतात. सर्व सिलिंडरांचे दाब एकमेकांच्या जवळपास असणे हे चांगल्या अवस्थेचे लक्षण होय. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घातल्यावर दाब वाढला तर रिंगा व सिलिंडर झिजलेले असतात. न वाढल्यास दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅसकेटमध्ये असण्याचा संभव असतो. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळल्याचे कळते. ब्लॉक वा हेडला गेलेली चीर हा सर्वांत गंभीर दोष मानला जातो, कारण बिडाचे वेल्डिंग अवघड व बेभरवशाचे असते. सिलिंडर यापूर्वी किती वेळा बोअर झाले व क्रँकशाफ्ट किती घासला गेला आहे, हेही पाहतात. कारण त्यावर पुढील दुरुस्तीला किती वाव उरला आहे हे अवलंबून असते.

मूल्यनिश्चिती

सुट्या जुन्या इंजिनाला ठरलेला बाजारभाव नसतो. त्याची किंमत दोन मर्यादांच्या दरम्यान असते. खालची मर्यादा म्हणजे बिडाचा व ॲल्युमिनियमचा वजनावर मिळणारा भंगारभाव. वरची मर्यादा म्हणजे तसेच इंजिन परदेशातून आणण्यास लागणारा एकूण खर्च, अर्थात तेथील किंमत, वाहतूक व सीमाशुल्क. या मर्यादांमध्ये किंमत पुढील गोष्टींवरून ठरते :

१. ओळख किती पुराव्यांनी सिद्ध झाली आहे.
२. इंजिन पूर्ण आहे की केवळ ब्लॉक आहे. कार्बोरेटरांची मूळ जोडी, मॅनिफोल्ड, फ्लायव्हील व गिअरबॉक्स सोबत असल्यास मूल्य लक्षणीय वाढते.
३. अवस्था व दुरुस्तीचा अंदाजित खर्च.
४. ते ज्या गाडीचे मूळ इंजिन आहे, ती गाडी अस्तित्वात आहे काय.

यांपैकी चौथा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. चासी व इंजिन यांचे कारखान्यातील क्रमांक जुळत असलेल्या गाडीला संग्राहक अधिक किंमत देतात. त्यामुळे ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याच्या दृष्टीने तेच एक इंजिन अनमोल असते. इतरांसाठी ते केवळ चांगला सुटा भाग असतो. म्हणून किंमत सांगण्यापूर्वी मूळ गाडीचा शोध घेणे विक्रेत्याच्या हिताचे असते. इंजिनाचे भाग वेगवेगळे विकल्यास तात्पुरती रक्कम अधिक मिळू शकते, परंतु एकदा विखुरलेला संच पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य असते.

कायदेशीर बाजू

भारतात इंजिन क्रमांक वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर नमूद असतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत आणि इंजिन बदलल्यास त्याची परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. वाहन कायमचे निकामी झाल्यास कलम ५५नुसार मालकाने तसे कळवून प्रमाणपत्र परत करणे अपेक्षित असते. नोंदणी दिवंगत व्यक्तीच्या नावे असल्यास वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना क्रमांक ३१ भरावा लागतो.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरवण्यात आले असून नोंदणी १० वर्षांसाठी वैध असते. नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी यात अट आहे. परिणामी गाडी शिल्लक असताना तिचे मूळ इंजिन वेगळे विकल्यास गाडीची ही पात्रता धोक्यात येते, आणि इंजिनातून मिळालेल्या रकमेपेक्षा गाडीच्या मूल्यातील घट मोठी ठरू शकते.

पुणे शहरातील व्यवहार

मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार हे पुण्यातील जुन्या यंत्रभागांच्या विक्रीचे प्रसिद्ध ठिकाण आहे. मोटारींच्या सुट्या भागांची अनेक दुकाने नाना पेठेत आहेत. जुन्या बाजारात जड माल बहुधा वजनावर तोलला जातो, त्यामुळे तेथे ओळखीला मोल मिळेलच असे नाही. मात्र हरवलेला जोडभाग शोधण्यासाठी संग्राहक तेथे फेरी मारतात. खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी आणि नंतरचा पिंपरी-चिंचवडचा वाहनउद्योग यांमुळे या परिसरात इंजिन बोअर करणारे, क्रँकशाफ्ट घासणारे व अचूक मापन करणारे कुशल कारागीर आढळतात. व्यास व स्ट्रोक यांची मोजणी अशा कार्यशाळेत अल्प खर्चात होते.

नोंदणीविषयक कागदपत्रांसाठी संगम पुलाजवळील प्रादेशिक परिवहन कार्यालय हे पुणे शहराचे (एमएच-१२) अधिकृत ठिकाण आहे. विक्रीच्या वेळी इंजिन क्रमांक, ओतीव खुणा, मोजलेली मापे, छायाचित्रे व सोबत दिलेल्या भागांची यादी यांसह लेखी पावती केल्यास पुढील वाद टळतात. हीच पावती भावी मालकाला इंजिनाचा इतिहास सांगणारा दस्तऐवज म्हणूनही उपयोगी पडते.