दलाली अशिलाच्याच खिशातून

विलायतेहून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी काही महिने मुंबईत वकिली करत होते. बिऱ्हाड गिरगावात. तिथून हायकोर्टापर्यंत रोज पायी जायचे. पाऊण तास लागायचा. काम मिळत नव्हतं. मग लघुवाद न्यायालयातलं एक साधं प्रकरण आलं, ममीबाई नावाच्या बाईंचं. दलालाला कमिशन द्यावं लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं. गांधींनी साफ नकार दिला. महिन्याला तीन-चार हजार कमावणारा नामांकित फौजदारी वकीलसुद्धा देतो, अशी समजूत घालून झाली, तरीही नकारच. काम तसंच मिळालं, फी ठरली ३० रुपये. पुढचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. फी परत करतो, काम पटेल वकिलांना द्या, असं सांगून ते बाहेर पडले. पटेलांनी ५१ रुपये घेतले.

आत्मकथेतली ही गोष्ट आपण लाजाळूपणाची म्हणून सांगतो. मला मात्र तिच्यातली कमिशनची दोन-तीन वाक्यं जास्त महत्त्वाची वाटतात. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी किल्ला कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर कुणीतरी अजून हळूच विचारतं, ‘काय काम आहे? वकील पाहिजे का?’

न्यायव्यवस्थेतला भ्रष्टाचार म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती बंद पाकिटं आणि न्यायाधीशांवरचे आरोप. १९९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर, परदेशी प्रकाशकाकडून पुस्तकासाठी मोठी रक्कम घेतल्यावरून, इथल्याच वकिलांच्या संघटनेने बोट ठेवलं आणि त्यांनी राजीनामा दिला. आरोप कोर्टात सिद्ध झाले नाहीत, पण त्या प्रकरणातून न्यायाधीशांच्या अंतर्गत चौकशीची पद्धत आकाराला आली. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण लालबागच्या चाळीतल्या भाडेकरूची गाठ मुख्य न्यायमूर्तींशी पडत नाही. त्याची गाठ पडते पायरीवरच्या माणसाशी.

तो माणूस अशिलाला वकिलाकडे नेतो आणि फीतला वाटा घेतो. वाटा वकील देतो असं दिसतं, पण तो निघतो अशिलाच्याच खिशातून. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. आलेल्या फीतली मोठी रक्कम पहिल्याच दिवशी गेली, तर उरलेल्या पैशांत वकील त्या कामाला किती वेळ देणार? मग तो कामं वाढवतो, एकेका कामाचा वेळ घटवतो आणि तारखेप्रमाणे पैसे घेऊ लागतो. तारखेला पैसे मिळत असतील तर तारीख पडण्यात त्याचं नुकसान काहीच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. पण धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात पागडीचे आणि घर खाली करण्याचे दावे लढणाऱ्या गिरगाव-दादरच्या घरांना विचारा. आजोबांनी सही केलेल्या वकीलपत्रावरचा दावा नातू चालवतो आहे, अशी घरं आहेत. यात कोर्टांवरचा बोजा आहे, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा आहेत, घरमालकांची चालढकलही आहे. त्यात वकिलाचा स्वार्थ किती, हे अशिलाला कधीच कळत नाही, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात अन्यायाची वाटते.

काम मध्यस्थाच्या हातून येतं म्हटलं की ज्याचं कुणी नाही त्याला काम मिळत नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा परळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये वकिली सुरू केली. सनदेसाठी पैसे नव्हते, ते नवल भथेना या मित्राने दिले. तेव्हा ते परळच्या बीआयटी चाळीत राहत. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर बॅरिस्टरला थेट अशील घेता येत नसे, सॉलिसिटरनेच ब्रीफ द्यायचं असा दुहेरी कारभार होता. तो पुढे १९७० च्या दशकात संपला. सॉलिसिटर काही दलाल नव्हते, तो कायद्याने मान्य असलेला पेशा होता. पण काम देण्याची किल्ली त्यांच्या हाती होती आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ती फिरत नव्हती. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला माणूस गोरगरिबांच्या दाव्यांवर वकिली करत राहिला. आजही ज्याच्या घरात वकील नाही, अशा तरुणाची सुरुवातीची वर्षं हलाखीत जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरांतल्या ज्युनियरना महिना किमान २० हजार विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. दलालाचा रस्ता नेमका इथून सुरू होतो, हे वकिलांनाही ठाऊक आहे.

या दुखण्यावरचा सर्वांत गाजलेला खटला मुंबईचाच. मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात काही वकील उभे राहतात, अशील दिसला की धावत जाऊन त्याचे कागद हिसकावतात, फी पाडतात, प्रसंगी हातघाईवर येतात, अशी तक्रार हायकोर्टाकडून आली आणि ऑगस्ट १९६४ मध्ये महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने ती शिस्तपालन समितीकडे सोपवली. समितीने दोषी ठरवलं. वकील अपिलात बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेले आणि तिने त्यांना सोडलं. तिचं म्हणणं असं की वकिलाने काम मागत फिरू नये हा नियम ३६ मोडला म्हणायचा तर ठरावीक माणसाकडून, ठरावीक प्रकरणासाठी काम मागितल्याचं दाखवायला हवं. महाराष्ट्राची कौन्सिल तिथे थांबली नाही, ती सर्वोच्च न्यायालयात गेली. आधी प्रश्न आला की राज्याच्या कौन्सिलला अपिलाचा हक्क तरी आहे का. आहे, असं १९७५ मध्ये ठरलं. त्याच वर्षी न्या. कृष्णा अय्यर यांनी नियमाचा तो चिंचोळा अर्थ मोडीत काढला: अशिलासाठी अशी झोंबाझोंबी करणं हे व्यावसायिक गैरवर्तनच. ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोलकर’ या नावाने हा निकाल विधी महाविद्यालयांत आजही शिकवतात. वकिलांच्या संस्थेने आपल्याच वकिलांविरुद्ध दिल्लीपर्यंत लढावं, ही मला त्या काळाची मोठी गोष्ट वाटते. निकालाला लागलेली अकरा वर्षंही विसरू नयेत.

त्याआधी १९५४ मध्ये मुंबईच्याच एका वकिलाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याने वसुलीतला निम्मा वाटा फी म्हणून अशिलाकडून लिहून घेतला होता. निकालात त्याचं नाव नाही, फक्त ‘जी’ हे अक्षर आहे. तेही गैरवर्तन ठरलं, आणि आज नियम स्पष्ट आहे: निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत हिस्सा मागायचा नाही. अपघाताच्या भरपाईत टक्केवारी मागितली गेली तर ती चाल नाही, नियमभंग आहे, हे घरोघरी माहीत व्हायला हवं.

मग अशिलाने जायचं कुठे? ग्राहक न्यायालयाचं दार १४ मे २०२४ रोजी बंद झालं. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. उरतं ते ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५. तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, फोर्टमधल्या हायकोर्टाच्या एक्स्टेन्शन इमारतीत. शिस्तपालन समितीत तिघे, तिघेही वकील, आणि कौन्सिल वकिलांच्याच मतांनी निवडून येते. दोषी ठरल्यास समज, निलंबन किंवा सनद रद्द. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. या दाराचा गैरवापरही होतो. समोरच्या पक्षाच्या वकिलाला छळायला तक्रारी होतात, त्यामुळे चाळणी हवीच. पण ज्यांच्या मतांवर निवडून यायचं, त्यांचाच न्याय करायचा, ही रचना मला पटत नाही. समितीत निदान एक माणूस वकिलीबाहेरचा असावा.

तोवर अशिलाच्या हाती काही गोष्टी नक्की आहेत. फी थकली म्हणून वकील तुमची फाइल अडकवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितलं आहे. खटल्याचा क्रमांक जवळ असेल तर पुढची तारीख ई-कोर्ट्सवर स्वतः पाहता येते. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. परळ-लालबागमध्ये ज्यांनी गिरणीच्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं फेऱ्या मारल्या, त्यांच्यातल्या किती जणांना हे कुणी सांगितलं असेल?

आणि दलाल? ब्रिटिशांच्या १८७९ च्या कायद्यातली दलालांविरुद्धची तरतूद आता ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कलम ४५-अ म्हणून आली आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडाही जुनाच. पण या कलमात एक उपयोगाची ओळ आहे. हायकोर्टाला किंवा जिल्हा न्यायाधीशाला दलालांची यादी करता येते; नाव घालण्यापूर्वी त्या माणसाचं म्हणणं ऐकायचं आणि ती यादी कोर्टात भिंतीवर लावायची. तारखेला किल्ला कोर्टात, धोबीतलावला किंवा भोईवाड्याला गेलात तर तो कागद भिंतीवर शोधा. दिसला नाही तर कोर्टाच्या कार्यालयात लेखी अर्ज करून मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.