शब्दाचे तुकडे कुठे पडतात?

मीरा-भाईंदरमधला पेणकरपाडा. हे नाव म्हणताना वर्गाला टाळ्या वाजवायला सांगा. फळ्यावर अक्षरे सहा, टाळ्या मात्र चारच पडतात: पेण्‌-कर्‌-पा-डा. 'ण' आणि 'र' यांतला 'अ' आपण लिहिताना धरतो, बोलताना गाळतो. म्हणून 'पेण्करपाडा' लिहिणारा मुलगा ढ नसतो. त्याने कानावर विश्वास ठेवलेला असतो. लाल रेघ मारण्याआधी हे त्याला सांगायला हवे.

टाळीच्या प्रत्येक तुकड्यात एक स्वर असतो. फ्रेंचमध्येही तसेच, पण तिथे तुकडा स्वरावर संपवण्याकडे कल फार. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते, मग मध्ये शब्द संपत असला तरी! 'लहान' या अर्थाचा फ्रेंच शब्द साधारण 'पती' असा ऐकू येतो (पतिराजांनी रागावू नये). लिहिताना त्याच्या शेवटी 'त' असतो, पण मुका. 'पती गार्सों' म्हणजे लहान मुलगा. इथे तो मुकाच राहतो. पुढे 'आँफाँ', म्हणजे मूल, आले की मात्र जागा होतो: प-ती-ताँ-फाँ. नवशिका विद्यार्थी मग शब्दकोशात 'ताँफाँ' शोधत बसतो.

आता 'पेणकर आले' भरभर म्हणून पाहा. 'र' पुढे सरकतो: पेण्‌-क-रा-ले. फरक एवढाच, की आपला 'र' आधीही ऐकू येत होता; फ्रेंच 'त' पुढे स्वर भेटल्याशिवाय तोंड उघडत नाही.