पर्वतीच्या पायऱ्या

पुण्याच्या दक्षिणेस पर्वतीची टेंकडी आहे. ती फार उंच नाहीं. शंभरांवर दगडी पायऱ्या चढल्या कीं माथा येतो. नक्की किती, याविषयीं आम्हां सहलीकरांत शेवटपर्यंत एकमत झालें नाहीं! पायऱ्या मात्र इतक्या रुंद व बेताच्या उंचीच्या आहेत कीं, हत्तीनेंहि सहज चढून जावें.

माथ्यावरील देवदेवेश्वराचें देवालय नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं उभारिलें. मध्यें शंकर-पार्वती आणि चार कोपऱ्यांस सूर्य, गणपति, विष्णु व देवी अशी त्याची मांडणी आहे. हिला पंचायतन म्हणतात. एक देव मुख्य मानावा, पण इतरांची पूजाहि त्याच आवारांत व्हावी, अशी ही सोय होय. जवळच कार्तिकस्वामी, विष्णु व विठ्ठल यांचीं देवळें आहेत.

या टेंकडीनें वैभवाबरोबर दुःखहि पाहिलें. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं नानासाहेबांचा पुत्र विश्वासराव व चुलतबंधु सदाशिवरावभाऊ पडले. त्या धक्क्यानें खचलेल्या नानासाहेबांनीं त्याच वर्षीं २३ जून रोजीं येथेंच प्राण सोडिला. पुढें ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें खडकीची लढाई येथूनच पाहिली. वाड्याच्या जागीं उभे राहून आम्हींहि उत्तरेकडे पाहिलें. पण धुक्यांत घरांच्या छपरांवांचून कांहींच दिसेना.

उतरतांना आमच्यांतील सर्वांत लहान मुलानें विचारिलें, "सर, पेशव्यांच्या हत्तीला वर येतां येत होतें, मग माणसांना सगळ्यांनाच येतां येत असे का?"

या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस भाग होतें. पांच देवांस जागा देणाऱ्या या देवळांत अस्पृश्य मानिलेल्या मनुष्यांस मात्र जागा नव्हती. १३ ऑक्टोबर १९२९ रोजीं शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रही याच पायऱ्यांनीं दर्शनास निघाले. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांसारखे स्पृश्य समाजांतील तरुणहि त्यांच्यासंगें होते. वर दरवाजा बंद होता, आणि जमावानें त्यांच्यावर दगडांचा मारा केला. मुंबई प्रांतांत हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा व्हावयास त्यानंतर अठरा वर्षें लागलीं. तो १९४७ सालीं झाला.

मुलगा कांहीं वेळ गप्प राहिला. नंतर "त्या दिवशीं ते किती पायऱ्या चढले?" असें विचारून तो पुन्हां वरून मोजूं लागला.