सायकल आपली, नाव कुणाचं?

हरवलेलं पाकीट पैशांसकट परत मिळणारा देश, असं जपानचं कौतुक आपण भारतातल्या नातेवाइकांना फोनवर नेहमी सांगतो. ते खोटं नाही. पण याच देशात सायकल मात्र सर्रास चोरीला जाते. पोलिसांच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये देशभरात दीड लाखाहून अधिक सायकली चोरीला गेल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक कुलूप न लावलेल्या होत्या. ‘पाच मिनिटांत तर येते’ म्हणून सुपरमार्केटसमोर तशीच उभी केलेली मामाचारी चोराला आयतीच सापडते.

निशी-कासाई, कासाई भागातल्या आपल्या कुटुंबांचं सायकलीवाचून पान हलत नाही. मुलांची शाळा, भाजी, स्टेशन, सगळं तिच्यावरच. कासाई स्टेशनच्या पोटात 2008 पासून यांत्रिक सायकलतळ आहे. यंत्र सायकल आत ओढून जमिनीखाली ठेवतं. साध्या जागा धरून तिथे नऊ हजारांवर सायकली मावतात. अशा ठिकाणी चिंता नाही. इतरत्र दोन कुलपं लावा, असं पोलीस सांगतात: एक मागच्या चाकाचं, आणि दुसरं साखळीचं, शक्यतो पक्क्या खांबाला बांधून. घराखालच्या पार्किंगमध्येही लावायचं, कारण पुष्कळ सायकली तिथूनच जातात.

पण कुलूप चोराला फक्त अडवतं. गेलेली सायकल परत आणायला उपयोगी पडते ती ‘बोहान तोरोकु’, म्हणजे सायकलीची नोंदणी. 1994 पासून ती कायद्याने बंधनकारक आहे. टोकियोत दुकानदार 660 येन घेऊन सायकलीवर क्रमांकाचा स्टिकर चिकटवतो, आणि आपलं नाव-पत्ता पोलिसांच्या नोंदीत जातो. ही नोंदणी 10 वर्षं चालते. जुन्या पिढीला नगरपालिकेचा सायकल-कराचा पितळी बिल्ला आठवेल. तो कर भरल्याची खूण होता, हा स्टिकर मालकाची खूण आहे.

आपल्या मंडळींची गाडी अडते ती इथेच. कुणी भारतात परत निघालं की कुकर, फुटॉन आणि सायकल मागे राहणाऱ्याला देऊन जातं. सायकल मिळते, नाव मात्र जुन्याचंच राहतं. रात्री दिवा न लावता जाणाऱ्या अशाच एका तरुणाला पोलिसांनी थांबवलं, तेव्हा भाषेच्या मदतीसाठी मी कोबानमध्ये गेले होते. स्टिकरवरचं नाव एकाचं, रेसिडेन्स कार्डवरचं दुसऱ्याचं. पोलीस नम्र होते, पण पुण्यात झोपलेल्या मित्राला उठवून खुलासा होईपर्यंत तास-दीड तास गेला. मित्राने फोन उचलला नसता तर काय, हा प्रश्न त्या मुलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

म्हणून देणाऱ्याने आधी आपली नोंदणी रद्द करावी आणि ‘जोतो शोमेइशो’ म्हणजे हस्तांतराचा कागद सही करून द्यावा. घेणाऱ्याने तो घेऊन स्वतःच्या नावाने नोंदणी करावी. नोंदणी प्रीफेक्चरपुरती असते, त्यामुळे टोकियोतून चिबाला घर बदललं तरी हेच. आणि कचऱ्याशेजारी पडलेली सायकल ‘बेवारस दिसते’ म्हणून घरी आणू नका. इथे तो गुन्हा आहे.

सायकल जागेवर नसेल तर आधी ती वॉर्डाच्या ट्रकने उचलली का, ते पाहा. नो-पार्किंगमधल्या सायकली उचलल्यावर तिथे बहुधा सूचना लावलेली असते. तसं नसेल तर नोंदणीचं कार्ड, ओळखपत्र आणि चावी घेऊन कोबान गाठा, ‘तोनान-तोदोके’ म्हणजे चोरीची तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. उशीर करू नका. शेवटची ट्रेन चुकलेला कुणी सायकल घेऊन जातो आणि दुसऱ्या स्टेशनबाहेर टाकून देतो, असं पुष्कळदा होतं. तिथून ती वॉर्डाच्या गोदामात पोचते आणि मालकाला पत्र येतं. सोडवायला काही हजार येन पडतात, पण उचलण्याआधी तक्रार नोंदवली असेल तर बऱ्याच वॉर्डांत ते माफ होतात. पत्ता जुना असेल तर मात्र पत्र जुन्या घरी जातं.

सायकल तुम्हालाच सापडली, तर तसं पोलिसांना कळवा. नाहीतर नोंदीत ती चोरीचीच राहते आणि स्वतःच्याच सायकलीवर तुम्ही अडवले जाल.

टोकियोत एप्रिल 2020 पासून सक्तीचा झालेला सायकल विमा दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी आहे, चोरीसाठी नाही. काही कंपन्या नव्या सायकलीवर चोरीची हमी वेगळी देतात, पण भरपाई मागताना तक्रारीचा क्रमांक आणि चाव्या लागतात.

दिवाळीच्या साफसफाईत कागदांची फाइल निघेलच. त्यात सायकलीचं कार्ड आहे का, त्यावर नाव कुणाचं आणि पत्ता कुठला, एवढं पाहून ठेवा. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. यंदा मायदेशी परतणाऱ्यांना निरोपाचं जेवण द्याल, तेव्हा त्यांच्याकडून सायकलीच्या कागदावर सहीही घ्या.